पहिला जसाच्या तसा

बारावी ही एका मुलाची नसते, सबंध बिऱ्हाडाची असते. घरात लग्न निघालं म्हणजे ज्याचं लग्न तो निवांत आणि बाकीचे घामाघूम, तसलाच हा प्रकार. सनई आणि केळवणांच्या जागी क्लास आणि टेस्ट, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी आमच्याकडे नात बारावीला होती. अकरावी संपता संपता जावयांची बदली नागपूरला झाली. 'आता कॉलेज बदललं तर पोरीचं नुकसान होईल,' असा लेकीनं निकाल दिला आणि दोन बॅगा, गादीएवढं दप्तर आणि एक टेबललँप यांच्यासह नात आमच्या दोन खोल्यांत दाखल झाली. त्या दिवसापासून आमचं दूध दोन लिटरचं अडीच लिटर झालं. दोन म्हाताऱ्या माणसांना मुळात दोन लिटर कशाला, असं विचारू नका. आमच्या सौ.ला विरजण लावण्याचं व्यसन आहे आणि तिच्या तुपावर तीन घरं पोसली जातात. या जादा अर्ध्या लिटराशी पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घरात जमावबंदी लागू झाली. टीव्हीचा आवाज बंद करून आम्ही बातम्या नुसत्या पाहू लागलो. बातमीत फारसा फरक पडत नाही हे त्या निमित्तानं कळलं. कुकरनं किती शिट्ट्या द्यायच्या यावर मर्यादा आली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी आतल्या खोलीतून "आजोबा!" अशी हाक येई. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं टिपणं लिहिली. गणिताशी माझा संबंध महागाईभत्त्यापुरता. त्यामुळे माझ्याकडे क्लासला सोडणं, क्लासहून आणणं आणि मधल्या वेळात गप्प बसणं अशी तीन खाती सोपवण्यात आली.

त्या क्लासविषयी फार बोलत नाही. फी ऐकून मी एकदा खाली बसलो होतो, एवढं पुरे. तिथं मुलांना एक छापील कागद देत. त्यावर नियम. नियम पाठ करायचे आणि गणितात घालायचे. नात येरझाऱ्या घालत पाठ करी, "फर्स्ट इन्टू डेरिव्हेटिव्ह ऑफ सेकंड, प्लस सेकंड इन्टू डेरिव्हेटिव्ह ऑफ फर्स्ट!" आठवड्याभरात ते मलाही पाठ झालं. रामरक्षेनंतर मला अडखळल्याशिवाय म्हणता येणारी ती दुसरी गोष्ट. एकदा शतपावली करताना मी ते पुटपुटत होतो, तर समोरून येणाऱ्या एका बाईंनी मला नमस्कार केला. त्यांना ते स्तोत्र वाटलं असणार.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मी आधी या विषयाचं मराठी नाव शोधलं. विश्वकोशात 'अवकलन व समाकलन' अशी नोंद आहे. 'आकलन' शब्द मला ठाऊक होता. त्याच्या बरोबर विरुद्ध जे होतं ते अवकलन असावं, असा माझा तर्क झाला आणि नातीचा चेहरा पाहता तो टिकतही होता. पण ज्यांना या विषयाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सरळ सांगतो. मुंबईहून पुण्याला साडेतीन तासांत पोचलो, हे झालं सरासरीचं बोलणं. पण खंडाळ्याच्या घाटात अमुक वळणावर, अगदी त्या क्षणी, गाडीचा काटा किती दाखवत होता? त्या काट्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात. एखादी गोष्ट 'किती आहे' हे विचारायचं नाही. ती 'किती वेगानं बदलतेय' हे विचारायचं. प्रश्न वाईट नाही. पेन्शनरांना तर तो रोजच पडतो.

बेरीज असेल तर काम सोपं. दोघांचे वेग वेगवेगळे काढा आणि मिळवा. गुणाकार आला की घोटाळा होतो. आणि तो घोटाळा आमच्या घरी सप्टेंबरात, चाचणी परीक्षेच्या पेपरांतून, लाल शाईत प्रवेश करता झाला.

पन्नासांपैकी चौदा. नातीनं दप्तर फेकलं, पेपर फेकला, आणि आणखी काही फेकायला हाताशी न मिळाल्यामुळे रडायला लागली. मी खाकरलो. अशा वेळी आजोबांनी खाकरण्यापलीकडे काय करायचं असतं हे कुठल्याच कागदावर छापलेलं नाही.

"मी गणित सोडते," ती म्हणाली. "बायॉलॉजी आहेच माझं. गणितावाचून कुणाचं काही अडत नाही. आजीचं कुठं अडलं?"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो थांबला. सौ. पदराला हात पुसत बाहेर आली. भाजीवाल्याशी बोलताना असतो तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"सोडायचं नाही," ती म्हणाली. "बघू कुठलं गणित."

मला वाटलं, आता ही पेपर उलटा धरणार. ती खाली बसली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लाल शाईवर बोट ठेवलं.

"एक्स वर्ग गुणिले साइन एक्स. तू काय लिहिलंयस?"

"एक्स वर्गाचं टू एक्स, साइनचं कॉस. म्हणून टू एक्स कॉस एक्स."

"म्हणजे दोघांचे वेग काढलेस आणि त्यांचा गुणाकार केलास."

"हो. तसं करायचं नसतं. नियम वेगळा आहे."

"नियम वेगळा का आहे?"

नात गप्प. का, हे त्या छापील कागदावर नव्हतं.

"भिंतीवरचं कॅलेंडर काढ," सौ. म्हणाली. आमच्याकडे कॅलेंडर तिथी बघण्यासाठी नसतं, दुधासाठी असतं. तिनं मागच्या कोऱ्या जागेवर एक चौकोन काढला. "ही आडवी बाजू लिटर. ही उभी बाजू भाव. आतली जागा म्हणजे रोजचं बिल. तू यायच्या आधी दोन लिटर दूध होतं, भाव साठ रुपये धर. बिल किती?"

"एकशेवीस."

"तू आलीस, दूध अर्धा लिटर वाढलं. त्याच सुमाराला दूधवाल्यानं भाव दोन रुपयांनी वाढवला. आता?"

"अडीच गुणिले बासष्ट... एकशेपंचावन्न."

"बिल पस्तीसनं वाढलं. आता तुझ्या पद्धतीनं कर. लिटरची वाढ अर्धा, भावाची वाढ दोन. त्यांचा गुणाकार?"

"एक," नात म्हणाली आणि तिचं रडणं थांबलं. "एकच रुपया?"

"तुझ्यासारखा दूधवाला मिळाला असता तर मी गावभर तूप वाटलं असतं."

मग सौ.नं चौकोन वाढवून दाखवला. वरच्या अंगाला एक लांबट पट्टी: जुनं दूध दोन लिटर, त्यावर वाढीव भाव दोन रुपये, झाले चार. बाजूला दुसरी पट्टी: जुना भाव साठ, त्यावर वाढीव अर्धा लिटर, झाले तीस. चार आणि तीस, चौतीस. म्हणजे पहिला जसाच्या तसा ठेवून दुसऱ्याची वाढ, अधिक दुसरा जसाच्या तसा ठेवून पहिल्याची वाढ. ज्या मंत्रासाठी मला रस्त्यात नमस्कार झाला होता, तो कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशेबात निघाला.

"एक रुपया राहिला," नात म्हणाली. मुलगी हुशार आहे, हे मी आधीपासून म्हणत होतो.

"तो हा." दोन पट्ट्या जिथं मिळत होत्या तिथं वरच्या कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन उरला होता. सौ.नं त्यात टिंब दिलं. "हा कोपरा. अर्धा गुणिले दोन. तू फक्त हा मोजलास आणि दोन्ही पट्ट्या विसरलीस. खरं तर उलट करायचं असतं. पट्ट्या धरायच्या आणि कोपरा सोडून द्यायचा."

"सोडून कसा द्यायचा, आजी? आहे ना तो."

"आहे. पण वाढ लहान लहान करत जा. दूध अर्ध्या लिटरऐवजी पन्नास मिलिलिटरच वाढलं आणि भाव दोन रुपयांऐवजी वीस पैसेच. दोन्ही दहापट लहान. पट्ट्या किती होतील?"

नातीनं केलं. चाराचे चाळीस पैसे, तिसाचे तीन रुपये.

"आणि कोपरा?"

"एक पैसा." ती थोडा वेळ बघत राहिली. "पट्ट्या दहापट लहान झाल्या आणि कोपरा शंभरपट!"

"क्षणाचा वेग काढायचा म्हणजे वाढ अशी लहान करतच जायची. पट्ट्यांच्या मानानं कोपरा दिसेनासा होतो. म्हणून सोडतात."

"आजी, तुला हे कुणी शिकवलं?"

"इंटरला होतं," सौ. म्हणाली, आणि आत जाऊन तिनं मिक्सर पुन्हा लावला.

इंटर म्हणजे इंटर सायन्स. बारावी यायच्या आधी ते असे. अकरावीला मॅट्रिक, मग एफ. वाय., मग इंटर, आणि इंटरच्या मार्कांवर मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग. ही गिरगावात वाढलेली. तिथल्या चाळीतून चालत जाण्यासारख्या एका कॉलेजात ती इंटर सायन्सला होती, हे मला ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी दाखवलेल्या माहितीत तसं लिहिलंच होतं: 'रंग गोरा, उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण इंटर सायन्स (चालू)'. कंसातला 'चालू' १९७४ च्या एप्रिलात बंद झाला. मुहूर्त आणि विद्यापीठाची परीक्षा एकाच आठवड्यात आले होते. थोरामोठ्यांची बैठक बसली. मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप होणार अशी हवा होती, आणि ८ मेला तो खरोखरच सुरू झाला. वऱ्हाड अडकलं असतं. मुहूर्त पुढे ढकलता येत नव्हता, परीक्षा ढकलता येत होती. 'ऑक्टोबरात बसेल की,' असं सर्वानुमते ठरलं. त्या बैठकीत मीही होतो. मला चहात साखर किती घालू, एवढंच विचारण्यात आलं. ऑक्टोबरात आमच्या लेकीचे डोहाळे चालू होते.

एवढी हकीगत. त्यानंतर पन्नास वर्षं आमच्या घरात साइन, कॉस वगैरेंचं नाव निघालं नाही.

मी बी. ए. असल्यामुळे गणित कळत नसलं तरी गणिताची कुळकथा कळते. दुसऱ्या दिवसापासून मी त्या मागे लागलो आणि नातीच्या उपयोगी पडेल असा एक मोठा माणूस मला सापडला: लायब्निट्स. गडी मूळचा कायद्याचा. १६७२ साली राजकारणाच्या एका कामगिरीवर पॅरिसला गेला आणि तिथं राजकारण बाजूला राहून गणितात शिरला. ११ नोव्हेंबर १६७५ च्या त्याच्या टिपणात एक प्रश्न आहे. दोन बदलत्या गोष्टींच्या गुणाकाराची वाढ आणि त्यांच्या वाढींचा गुणाकार, या दोन्ही एकच आहेत काय? त्यानं तपासून पाहिलं आणि तसं नाही हे त्याला दिसलं. त्याच महिन्यात त्याला खरा नियम सापडला. लोकांपुढे तो छापून आला १६८४ च्या ऑक्टोबरात, लायप्झिगच्या एका विद्वानांच्या मासिकात, आणि तोही सिद्धतेवाचून. म्हणजे नियम छापून देऊन कारण न सांगण्याची पद्धत आमच्या क्लासनं काढलेली नाही. तिला साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे.

मी हे मोठ्या उत्साहानं जेवताना सांगितलं.

"म्हणजे लायब्निट्सलाही तेच वाटलं होतं!" नात म्हणाली.

"त्यानं विचारलं," सौ. म्हणाली. "तू सरळ लिहून मोकळी झालीस. आमटी घे."

शिकवणीची कुळकथाही अशीच रंजक निघाली. लोपिताल नावाचा एक फ्रेंच सरदार होता. त्यानं योहान बेर्नुली या तरुण गणितीला शिकवणीला लावलं. पुढे १६९४ साली त्याला पत्र लिहिलं की वर्षाला तीनशे लिव्र देतो, नवं जे काही शोधशील ते मला कळव आणि दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. १६९६ साली लोपितालचं पुस्तक निघालं. अवकलनावरचं जगातलं ते पहिलं पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत बेर्नुलीचे आभार आहेत. पण त्यातलं किती कुणाचं, हे बेर्नुलीची जुनी टिपणं १९२२ मध्ये छापली गेली तेव्हा कुठं जगाला नीट कळलं. तेव्हा शिकवणी, भरमसाट फी आणि मास्तरांच्या नोट्स या तिन्ही गोष्टी या विषयाला जन्मापासून चिकटलेल्या आहेत. हे समजल्यावर क्लासच्या पुढल्या हप्त्याचा चेक मी जरा कमी रागानं फाडला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधीच होती, यावर त्यांचं पोट भरतं. त्यांना जिन्यात हे कळलं आणि त्यांनी तिथल्या तिथं भास्कराचार्यांना उभं केलं. यावेळी त्यांना नाही म्हणता येईना. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, खरोखरच सांगितली आहे. कोनाच्या ज्येत होणारी बारीक वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते हेही. साइनचं कॉस होतं ते तिथंच. चाळीसगावाजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. आचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, असं त्यात कोरलंय. पण दोन बदलत्या राशींच्या गुणाकाराचा नियम मला तिथं दिसला नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नीट शोधा, असेल." आणि पिशवी घेऊन वर गेले.

दिवाळीनंतर चेन रूल आला. प्रॉडक्ट रूलमध्ये दोन माणसं शेजारी शेजारी उभी असतात. चेन रूलमध्ये एक दुसऱ्याच्या पोटात असतं. एक्स वर्ग, आणि त्या एक्स वर्गाचा साइन. नात नेमानं 'कॉस ऑफ एक्स वर्ग' असं उत्तर लिहून उठत होती.

"माळ्यावरचा मोठा डबा काढा हो," सौ. मला म्हणाली. मी स्टुलावर चढलो. मोठ्या डब्यात मधला डबा, मधल्यात लहान, लहानात गेल्या वर्षीची वेलची. "बाहेरचा उघडताना आतल्याला हात लावायचा नाही. म्हणून साइनचं कॉस झालं तरी पोटातला एक्स वर्ग तसाच. पण काम संपलं का? आतला डबा कोण उघडणार? एक्स वर्गाचं टू एक्स. त्यानं गुणायचं."

"पण गुणायचंच का? मिळवायचं का नाही?" नातीनं विचारलं. चाचणी परीक्षेपासून तिला 'का' विचारायची सवय लागली होती. कधीकधी जेवणाच्या पानावरसुद्धा.

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. "यांची सायकल आठव."

माझी सायकल जिन्याखाली आहे. तिचा आता उपयोग नाही, पण ती विकायला काढली की मला कसंतरी होतं. नातीला घेऊन दोघी खाली गेल्या आणि दाते मोजायला लागल्या. पुढच्या चेनव्हीलला अठ्ठेचाळीस, मागच्या फ्रीव्हीलला सोळा. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक तीनदा फिरणार. चाक एकदा फिरलं की सायकल सुमारे दोन मीटर पुढे. मग एका पायडलला किती? तीन अधिक दोन पाच मीटर म्हणणारा माणूस सायकलवर कधी बसलेला नाही. तीन दुणे सहा. मधला बदल पुढच्याकडे पटीनं पोचतो, म्हणून गुणायचं. साखळीत आणखी एक कडी घाला, आणखी एकदा गुणा. हा नियम मला मात्र चटकन पटला, कारण तो मी भोगलेला आहे. डिझेल वाढतं, त्यानं ट्रकचं भाडं वाढतं, त्यानं कांदा वाढतो, त्यानं कोपऱ्यावरच्या भज्यांची प्लेट वाढते. कचेरीत साहेबांच्या घरी भांडण झालं की मोठ्या साहेबांकडून हेडक्लार्क, हेडक्लार्ककडून आम्ही आणि आमच्याकडून शिपाई, असं ते पोचायचं आणि प्रत्येक टेबलावर त्याला कशानं तरी गुणलं जायचं. शिपाई ज्या जोरानं चहाचा कप आपटायचा, त्यावरून साहेबांच्या बंगल्यातलं भांडण केवढं असेल हे आम्हाला उलट हिशेबानं काढता येई.

या नियमाच्या मुळाशीही लायब्निट्सच आहे, हे मी शोधून ठेवलं होतं. १६७६ च्या एका टिपणात त्यानं वर्गमुळाच्या पोटातल्या एका राशीवर तो चालवला. आणि त्यात अधिक-उण्याची चूक करून ठेवली. नातीनं ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं आणि टेबललँपच्या मानेवर चिकटवून ठेवलं: 'सनबद्दल माफी, साइनबद्दल नाही'. ही तिची भाषा. चिन्हालाही इंग्रजीत साइनच म्हणतात, हा त्यातला विनोद मला संध्याकाळी कळला.

हळूहळू घरात एक वेगळाच प्रकार दिसू लागला. रात्री अकराला नात झोपायची आणि आतला दिवा मात्र चालूच. मी पाणी प्यायला उठलो तर सौ. ओट्याशी उभी. एका हातात झारा, समोर तो छापील कागद मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, आणि वाणसामानाच्या जुन्या बिलांच्या मागे आकडे चाललेले. 'एक्स गुणिले साइन एक्स वर्ग' असं एक गणित होतं. आधी गुणाकाराचा नियम आणि त्याच्या पोटात साखळीचा. मी दहा मिनिटं तसाच उभा होतो, तिच्या लक्षात आलं नाही. उत्तर आल्यावर ती हसली. आमच्या लग्नाच्या फोटोत ती अशी हसलेली नाही.

डिसेंबरात एका सकाळी दूध उतू गेलं. तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्या घरी ते १९७४ पासून कधी उतू गेलं नव्हतं. सबंध ओटा पांढरा झाला आणि सौ. बिलाच्या मागे पेन्सिल धरून बसलेली. मी गॅस बंद केला. फडकं कुठं असतं ते विचारलं, आणि त्याचंही उत्तर आलं नाही म्हणून शोधलं.

ओटा पुसता पुसता तो मंत्र तोंडात आला. पहिला जसाच्या तसा, दुसऱ्याचा बदल. अधिक दुसरा जसाच्या तसा, पहिल्याचा बदल. संसार हा गुणाकार आहे, असं लग्नात भटजींनी सांगितलं नव्हतं, पण असणार. माझ्या सहा बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी नवं गाव, नवं रेशनकार्ड, नवी शाळा हे सगळं तिनं केलं आणि मी जसाच्या तसा नऊ-चाळीसची बस पकडत होतो. पहिली पट्टी आमच्याकडे लांबलचक आहे. दुसरी पट्टी काढायला घेतली, तर सुरुवातीला ओला ओटा निघाला. त्यानंतर सकाळचं दूध मी तापवू लागलो. दोनदा करपलं, तिसऱ्यांदा नुसतं लागलं. प्रगती आहे, असं नातीनं जाहीर केलं.

निकाल लागला. गणितात शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर. पेपरला पेढे वाटण्याइतके नव्हेत, पण सोसायटीत वाटले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पेढा खाऊन म्हणाले, "रक्तात आहे हो, भास्कराचार्यांच्या मातीतली मुलगी." नातीनं सांगितलं, "आजीच्या." जूनमध्ये बॅगा, दप्तर आणि टेबललँप घेऊन ती इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेली. दूध पुन्हा दोन लिटर झालं. भाव काही खाली आला नाही.

ती गेली त्या आठवड्यात मी बाजारात निघालो होतो. मेथी, लिंबं, आल्याचा तुकडा अशी यादी सांगून सौ. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "एक वही आणा. दोनशे पानी. रेघांची नको, कोरी."

तिनं तो छापील कागद ठेवून घेतला होता. उरलेली प्रकरणं अजून व्हायची होती. अवकलन झालं होतं, समाकलन बाकी होतं.

वही आणली. जेवणं झाल्यावर तिनं टेबल पुसलं, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि पहिल्या पानावरच्या छापील चौकटीत नाव लिहायला घेतलं. नाव लिहिलं. विषयापुढे 'गणित' लिहिलं. इयत्तेच्या रेघेपाशी पेन जरा थांबलं. मी समोर बसून लिंबं पिशवीतून काढत होतो. मग तिनं लिहिलं: 'इंटर सायन्स (चालू)'.